सासूच्या लग्नाला जाताना

सासूचं लग्न ठरल्याची बातमी आली तेव्हा ठकीचे दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरने माखलेले होते.

ठकी दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा साचा यायचा. ठकी त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या चढवायची, एकेक दात रचायची आणि शेवटी कवळी घासून अशी चकाचक करायची की घालणाऱ्याला आपल्या आधीच्या खऱ्या दातांची लाज वाटावी. फोन वाजला तसा तिने कोपराने बटण दाबून स्पीकर लावला. पलीकडे नवरा होता.

"ठकी, आईची लग्न ठरली!"

"कुणाच्या आईचं?"

"माझी आई. अजून कुणाची?"

लॅबमधल्या तिघी जणी हातातले दात हातात ठेवून ऐकायला लागल्या.

नवरा परदेशी होता. उंची सहा फूट चार इंच, त्यामुळे तिच्या माहेरी आणि गल्लीत त्याला लंबूराव म्हणत. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याला इथे लिफ्ट बसवायला पाठवलं होतं. पहिल्याच वर्षी त्याने बसवलेली एक लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली आणि तिच्यात ठकी होती, एका ट्रेमध्ये अकरा कवळ्या घेऊन. दार उघडून तिला बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात तिने फटीतून त्याच्या कंपनीचा, देशाचा आणि खानदानाचा जो उद्धार केला त्यातलं त्याला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज आवडला. पुढचं सगळं त्या आवाजामुळे झालं. मराठी तो भराभर शिकला. फक्त मराठीतली तिन्ही लिंगं त्याने एका पोत्यात भरून ठेवली होती आणि हाताला लागेल ते काढून वापरायचा.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ठकीने सासूला अजून समोरासमोर पाहिलं नव्हतं. यांच्या लग्नाच्या वेळी सासूच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. नंतर दरवेळी काही ना काही निघालं. दर रविवारी फोन मात्र व्हायचा. मायलेक अर्धा तास बोलायचे, मग फोन ठकीकडे यायचा आणि सासू इंग्रजीत म्हणायची, "हॅलो. हवा कशी आहे? बाय." तीन वर्षं, दर रविवारी, हेच. ठकीने मनाशी हिशोब मांडून ठेवला होता की बाईला आपण पसंत नाही. हवामान खात्याशीसुद्धा माणूस याहून मायेने बोलतं.

आणि आता ही बाई अडुसष्टाव्या वर्षी शेजारच्या एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त बसड्रायव्हरशी लग्न करत होती.

"या वयात?" ठकीची आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "दिसायला कसा आहे?"

"पेन्शन असेल," मामा म्हणाला. "उत्तम स्थळ. उडवून द्या बार."

मामा पोस्टातून निवृत्त झालेला. स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं, पण आयुष्यभर परदेशी पाकिटांवर शिक्के मारल्यामुळे परदेशाबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत होती.

तिकिटं लंबूरावाने काढली. स्वस्तात मिळाली म्हणून आठवडाभर छाती फुगवून फिरत होता. ठकीने ती नीट वाचली ती निघायच्या महिनाभर आधी, आणि वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"अरे, मधल्या देशात आपण उतरतोय एका विमानतळावर आणि पुढचं विमान निघतंय दुसऱ्याच विमानतळावरून."

"हो. मधे बस आहे. चाळीस मिनिटं. खूप चांगली देश आहे."

"बस विमानतळाच्या बाहेरून जाते ना? म्हणजे त्या देशात शिरायचं. म्हणजे मला त्यांचा व्हिसा लागणार."

"फक्त बसमध्ये बसायला?"

"तुला नाही लागत. मला लागतो."

हे त्याला कधीच कळायचं नाही. त्याचा पासपोर्ट म्हणजे जावई होता. कुठल्याही दारात उभा राहिला की या, बसा, काय घेणार. ठकीचा पासपोर्ट म्हणजे दारावर आलेला वर्गणीवाला. आधी साखळी लावून फटीतून बघणार, मग कोण, कुठले, कशाला, आणि शेवटी साहेब घरी नाहीत.

त्याच्या देशाचा व्हिसा तिला बायको म्हणून आठवड्यात मिळाला. मधल्या देशाने मात्र तिला घाम फोडला. जिथे राहायचं नाही, जेवायचं नाही, फक्त खिडकीतून बघत पुढे जायचं, त्या देशाला तिच्या आजोबांची जन्मतारीख हवी होती. लग्नाचा दाखला हवा होता. दाखल्यात कारकुनाने लंबूरावाच्या आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं, त्यामुळे कागदोपत्री ठकीचं लग्न भलत्याच माणसाशी लागलेलं होतं. ते अक्षर परत मिळवायला दहा दिवस गेले.

"फाइल जाड हवी," मामाने सांगितलं. "जाड फाइल बघितली की साहेब घाबरतो."

तेव्हा फाइल जाड केली. विजेची बिलं घातली, लग्नाचे फोटो घातले, लिफ्टच्या दारात दोघं उभे असलेला एक फोटोही घातला. ती घेऊन ठकी व्हिसाच्या कार्यालयात गेली. काचेपलीकडच्या बाईने विचारलं, "प्रवासाचं कारण?"

"सासूचं लग्न."

"सासूबाईंच्या घरातलं लग्न?"

"नाही. सासूचंच."

बाईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमचा व्यवसाय?"

"दात करते."

"कुणाचे?"

"ज्यांचे पडलेत त्यांचे."

इथपर्यंत निभावलं. मग बाईने बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र पुढे सरकवलं आणि त्यात ठकीचे ठसेच उमटेनात. पंधरा वर्षं प्लास्टर कालवून आणि कवळ्या घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. दहा बोटं चारचारदा दाबून झाली. यंत्र दरवेळी लाल दिवा लावायचं.

"तुम्हाला ठसेच नाहीत," बाई संशयाने म्हणाली.

"आहेत हो. कामात झिजलेत."

"आठ दिवस हाताला विश्रांती द्या. क्रीम लावा. परत या."

आठ दिवस ठकीने रजा टाकली आणि हातांना क्रीम चोपडून महाराणीसारखी बसून राहिली. भांडी लंबूरावाने घासली. पीठ त्याने मळलं. आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "असा व्हिसा दरवर्षी काढत जा." नवव्या दिवशी सात बोटं उमटली. बाईने सातांवर समाधान मानलं, आणि निघायच्या चार दिवस आधी पासपोर्टात तो व्हिसा चिकटून आला. एकाच तारखेचा, एकाच वेळेचा आणि वर बारीक अक्षरात "पतीसोबत प्रवास".

गुरुवारी सकाळी सगळी वरात विमानतळावर पोचली. लग्न शनिवारी अकराला होतं. काउंटरवरच्या मुलीने ठकीची फाइल पंधरा मिनिटं चाळली, कुठेतरी फोन केला आणि शेवटी मान डोलावली. ठकीला एकदम हलकं वाटलं. मामा लांबून अंगठा दाखवत होता. दिसायला सारख्याच दोन बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. आता फक्त पासपोर्ट तपासणीची खिडकी उरली होती.

तिथला अधिकारी जाड भुवयांचा होता. ठकीला त्याने एका मिनिटात शिक्का मारून दिला. मग लंबूरावाचा पासपोर्ट हातात घेतला, कॉम्प्युटरकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं, परत कॉम्प्युटरकडे बघितलं.

"यांचा इथे राहायचा परवाना कुठे आहे?"

लंबूरावाने ऐटीत कार्ड काढून दिलं.

"हा संपला. एकोणीस दिवसांपूर्वी."

"संपला कसा?" ठकी म्हणाली. "अरे, तू नवा नाही काढलास?"

"लग्नाच्या आधी दरवर्षी कंपनी काढायची," तो म्हणाला. "मग लग्न झाली, तीन वर्षांची कार्ड मिळाली. मला वाटलं, आता मी इथलाच. लग्नाला कुठे तारीख असते?"

"लग्नाला नसते. कार्डाला असते. इथे ठळक छापलीय," अधिकारी म्हणाला. "आता परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जा, दंड भरा, देश सोडायची परवानगी आणा. एकदोन दिवस लागतील. आज हे बाहेर जाऊ शकत नाहीत."

महिनाभर ठकी मधल्या देशाच्या हातापाया पडत होती, आणि दगा दिला तो घरच्याच देशाने. तिच्या डोळ्यांपुढे ते कार्ड आलं. आज सकाळपर्यंत फ्रिजवर चुंबकाने लावलेलं, तिच्याच व्हिसाच्या कागदांच्या यादीखाली. जाता येता ते दोघांनाही दिसत होतं, पण वाचलं कुणीच नव्हतं.

"आपण दोघंही थांबू," ती म्हणाली.

"तुझी व्हिसा आजचीच आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. "आज गेली नाहीस तर परत सगळं. परत बोटं. मी दुसऱ्या मार्गाने येतो, मला कुठेही चालते. ठकी, तिथे आमच्याकडून कुणीच नसेल. वडील नाहीत. भाऊ नाही. तू जा."

"मी? एकटी? तुझ्या आईकडे? आम्ही दोघी बोलायचं काय, हवा कशी आहे?"

"मागे रांग आहे," जाड भुवयांचा म्हणाला.

ती गेली. विमानात खिडकीची जागा त्याची होती. त्या रिकाम्या जागेत तिने फाइल ठेवली आणि तिला पट्टा बांधला.

मधल्या देशात ती दुपारी उतरली. तिथल्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. त्याने व्हिसा वाचला, नाक पुसलं आणि इंग्रजीत विचारलं, "यात पतीसोबत असं लिहिलंय. पती कुठे आहे?"

"मागे राहिला."

"मागे म्हणजे संडासात?"

"मागे म्हणजे माझ्या देशात. त्याला सोडलं नाही."

"पण तो परदेशी आहे."

"हो."

"आणि तुम्ही तिथल्या."

"हो."

"म्हणजे तुमच्या देशाने तुम्हाला जाऊ दिलं आणि परदेशी माणसाला ठेवून घेतलं?" त्याने शेजारच्या खिडकीवाल्याला हाक मारली. त्यालाही सगळं परत सांगावं लागलं. मग बोटं मागितली. बोटं अर्थातच उमटली नाहीत. नवरा नाही, ठसे नाहीत, आणि प्रवासाचं कारण सासूचं लग्न. ठकीला एका खोलीत बसवलं. खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि हसऱ्या कुटुंबाचं एक पोस्टर होतं. पुढचं विमान सुटायला साडेतीन तास होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. नवऱ्याचा, मामाचा, त्या पोस्टरवरच्या कुटुंबाचा. सगळ्यांचे दात एकजात खोटे होते. तिला लांबूनही ओळखू येत होतं.

सर्दीवाला आत आला. "सासूचा फोन नंबर आहे?"

नंबर होता. त्याने लावला. शेजारचाच देश, त्याला त्यांची भाषा येत असावी. त्याने दोन वाक्यं विचारली आणि पलीकडून सासूचा आवाज सुरू झाला. ठकीने तीन वर्षांत तो आवाज चार शब्दांपलीकडे ऐकला नव्हता. आता तो थांबायलाच तयार नव्हता. सर्दीवाल्याने फोन कानापासून एक वीत लांब धरला. मग दोन वीत. मधेच तो खुर्चीत सावरून बसला. चार मिनिटांनी तो म्हणाला, "हो बाई. नाही बाई. लगेच बाई," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" ठकीने विचारलं.

"तुमची बस खाली सहा नंबरला लागते," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

सासूच्या गावी ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. बाहेर एक बुटकी, रुंद बाई आणि तिच्या शेजारी पांढऱ्या मिशीचा एक वाळका माणूस उभा होता. बाईने ठकीला बघितलं आणि अशी मिठी मारली की तिचा श्वासच अडकला. मग मागे सरून, एकेक शब्द जपून म्हणाली, "हॅलो. हवा कशी आहे?"

आणि पुढे तिच्या भाषेत सुटलीच. मिशीवाला इंग्रजीत सांगायला लागला. तोच नवरामुलगा. तीस वर्षं पर्यटकांच्या बसगाड्या चालवल्यामुळे त्याला सगळ्या भाषा थोड्याथोड्या येत होत्या.

"ती म्हणतेय, तिला इंग्रजी एवढंच येतं. हे वाक्यही मुलाने शिकवलेलं. पुढचं शिकव म्हटलं तर म्हणाला, मी आहे ना मधे बोलायला. आणि मधे बसून सगळं आपणच बोलतो. लहानपणापासून असाच."

ठकी सासूकडे वळली. "तीन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला मी आवडत नाही."

मिशीवाल्याने ते सांगितलं. सासूने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्याला भाषांतर लागलं नाही.

"आणि फोनवर त्या साहेबाला काय म्हणाल्या?"

"म्हणाली, या मुलीची तीन वर्षं वाट बघतेय. तिला परत पाठवलंस तर मी लग्न मोडते आणि हा म्हातारा तुझ्या घरी पाठवते. तूच त्याला सांभाळ."

घरी जाऊन बॅग उघडली तर आतून बारा पुरुषी शर्ट, सहा फूट चार इंचाच्या दोन पॅन्ट आणि एक काळा कोट निघाला. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या. लंबूरावाच्या नावाची म्हणून विमानातून उतरवून ठेवली ती ठकीची बॅग होती. सासूने कोट उचलून बघितला आणि काहीतरी पुटपुटली. मिशीवाला हसून हसून खोकायला लागला. "मुलगा नाही आला, कोट आला म्हणतेय."

शनिवारी ठकी नवऱ्याचा पांढरा शर्ट घालून, बाह्या पाचवेळा दुमडून आणि कमरेला सासूचा पट्टा आवळून नोंदणी कार्यालयात गेली. सासू हिरव्या पोशाखात होती. रात्रभर झोप नसल्यासारखी सारखी पर्स उघडत होती आणि बंद करत होती. ठकीने तिचा हात धरला. तो गार पडला होता. एवढ्या तोंडाळ बाईचा हात इतका गार असेल असं ठकीला वाटलं नव्हतं.

नोंदणी अधिकाऱ्याने वधूकडचा साक्षीदार विचारला. कागदावर मुलाचं नाव होतं. सासूने ते नाव बघितलं आणि तिचा चेहरा पडला. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हाही मुलगा लांब होता, दोन दिवसांनी पोचला होता. हे तिने आदल्या दिवशी ठकीला मिशीवाल्यामार्फत सांगितलं होतं, आणि सांगताना मिशीवाल्याचाही आवाज बसला होता.

"मी सही करते," ठकी म्हणाली.

"आपण कोण?"

"मुलगी," सासू म्हणाली. आपल्या भाषेत, पण तो एक शब्द ठकीला येत होता. लंबूरावाने शिकवलेल्या मोजक्या शब्दांतला.

अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं. ठकीने सवयीने अख्खी फाइल टेबलावर आदळली. आजोबांची जन्मतारीख, विजेची बिलं, सगळं. तो दचकला. मग वरचा पासपोर्ट तेवढा घेतला, नंबर उतरवून घेतला आणि हसून परत दिला. एक प्रश्न विचारला नाही. ठकी उगीचच आणखी दोन मिनिटं तिथे उभी राहिली, आता काहीतरी विचारेल म्हणून.

सही झाली, टाळ्या झाल्या, मिशीवाल्याने बायकोचं चुंबन घेतलं आणि ठकीने छताकडे बघितलं.

लंबूराव रविवारी दुपारी उगवला. दंड भरून, तीन विमानं बदलून, ठकीची बॅग ओढत. विमानतळावरून फोन केला तेव्हा म्हणाला, "मला घ्यायला कुणी नाही आली?" फोन सासूने घेतला, दोन शब्द बोलली आणि ठेवून दिला. तो बसने आला, तोही चुकीच्या बसने, आणि शेवटचा मैलभर चालत. दारात आईला बघून त्याने आधी मान खाली घातली. आईने त्याला आधी धपाटा घातला, मग पोटाशी धरला, मग परत धपाटा घातला. तो रडला. तीही रडली. ठकी स्वयंपाकघरात जाऊन ग्लास विसळायला लागली, कारण एवढ्या मोठ्या पुरुषाला रडताना बघायची तिला सवय नव्हती.

जरा वेळाने तो तिथे आला. "तुला खूप त्रास झाली?"

"झाला. बराच झाला."

"आणि आई? तुमची पटली?"

"तुझ्याबद्दल बोलतो आम्ही. विषय संपत नाहीत."

तो भरपेट जेवला आणि सोफ्यावर आडवा झाला, तो पाय बाहेर लोंबकळत घोरायलाच लागला. बाहेर मिशीवाल्याने जुनी गाडी सुरू केली. तळ्यावर जायचं ठरलं होतं. सासू कोट घालून दारात उभी राहिली आणि सोफ्याकडे हनुवटी करून तिने ठकीला खुणेने विचारलं, याला उठवायचं का?

ठकीने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या अंगावर शाल टाकली.

"झोपू दे," ती मराठीत म्हणाली. सासूला ते बरोबर कळलं. दोघी हळूच दार ओढून घेऊन गाडीत जाऊन बसल्या.